बायकोवर जीव असणाऱ्यासाठी एक शब्द

स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजी पुस्तकांत 'शब्दसमूहाबद्दल एक शब्द' असे एक प्रकरण हमखास असते. बँकेची परीक्षा असो, रेल्वेची असो की कर्मचारी निवड आयोगाची, मुले ही यादी घोकत बसतात. यादी इंग्रजी मुळाक्षरांप्रमाणे चालते. यू अक्षरापर्यंत पोहोचता पोहोचता मुले दमून गेलेली असतात आणि नेमका तिथेच एक शब्द बसलेला असतो, 'अक्सोरिअस'. त्याच्यासमोर अर्थ दिलेला असतो : पत्नीवर प्रमाणाबाहेर प्रेम करणारा पुरुष. जवळच बहुधा दुसरा शब्द असतो, 'अक्सोरिसाइड', म्हणजे पतीने केलेली पत्नीची हत्या. जीव लावणारा आणि जीव घेणारा असे शेजारी शेजारी. पाठांतराच्या घाईत मुले या दोघांची अदलाबदल करतात आणि गुण घालवतात.

इंग्रजी ज्यांची मायबोली आहे त्यांच्या रोजच्या बोलण्यात हा शब्द आता क्वचितच येतो. तो जुना, पुस्तकी, काहीसा नखरेल समजला जातो. आमच्याकडच्या तालुक्याच्या गावातल्या अभ्यासिकेत मात्र तो दररोज कुणाच्या ना कुणाच्या तोंडी असतो. शब्दांचेही नशीब असते म्हणायचे!

आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो, इंग्रजी हा आमचा विषय नव्हे. पण मुले इंग्रजी शब्दांना प्रतिशब्द विचारायला आमच्याकडेच येतात. या शब्दाला प्रतिशब्द द्यायला बसलो तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. आपल्या भाषांत एक सोडून पाच-सहा शब्द निघाले, आणि त्यातला एकही असा नव्हता की जो एखाद्या सज्जन माणसाला त्याच्या तोंडावर म्हणता येईल. उर्दूत 'जन-मुरीद'. हा जन म्हणजे मराठीतला 'लोक' नव्हे, फारसीतला 'स्त्री, बायको'. मुरीद म्हणजे शिष्य. जो आपल्या बायकोलाच पीर मानून तिचा मुरीद झाला तो जन-मुरीद. बोलीत 'जोरू का गुलाम', ज्याच्या नावाने 1972 साली राजेश खन्नांचा आणि 2000 साली गोविंदाचा असे दोन चित्रपट निघाले. मराठीत 'बाईलवेडा', 'बाईलबुद्ध्या', 'बायकोच्या मुठीतला', 'बायकोच्या ताटाखालचं मांजर'. संस्कृत वळणाचे बोलणारे 'स्त्रैण' म्हणतात. कुठे गुलाम, कुठे वेडा, कुठे मांजर. बायकोवर प्रेम असलेल्या माणसाला माणूस म्हणणारा शब्द काही सापडेना. मग इंग्रजीचे काय, तिथे या माणसाला कशी वागणूक मिळते, हे पाहावेसे वाटले.

आधी शब्दाची फोड. उच्चार 'अक्-सो-रि-अस', जोर 'सो'वर. 'अग्-झो-रि-अस' असेही म्हणतात, तेही बरोबर. मूळ लॅटिन. त्या भाषेत 'उक्सोर' म्हणजे विवाहित पत्नी. त्यावरून 'उक्सोरिउस', पत्नीचा, पत्नीसंबंधीचा. इंग्रजीने त्याला आपले नेहमीचे विशेषणाचे शेपूट जोडले. म्हणजे या शब्दाच्या अंगात वेडही नाही आणि गुलामीही नाही, फक्त बायको आहे. टोमणा आहे तो अंगात नव्हे, वापरात.

हे 'उक्सोर' आणखी एका ठिकाणी टिकून राहिले, ते म्हणजे इंग्रजी कायद्याच्या कागदपत्रांत. जमिनीच्या जुन्या दस्तात नवऱ्याचे नाव पूर्ण लिहायचे आणि पुढे 'एट अक्स' एवढीच खूण करायची. अर्थ 'आणि पत्नी'. तिचे नाव काय, ते कुणाला लागत नसे. हे वाचून आम्हांला आपल्याकडची वडीलधारी मंडळी आठवली. मराठी घरांत जुने लोक 'आमचं कुटुंब माहेरी गेलंय' म्हणत आणि ते कुटुंब म्हणजे एकटी बायको असे. उर्दू बोलणारे बुजुर्ग 'हमारे घर में से' म्हणत, किंवा फार तर 'अहलिया'. नाव चारचौघांत घेणे अदबीला धरून नव्हते, हे खरे आहे. पण नाव न घेण्याची अदब आणि नाव न लिहिण्याची सोय यांत फरक आहे, एवढेच नमूद करून पुढे जातो.

गंमत म्हणजे रोमन लोकांना पुरुषांनी लग्न करावे असे मनापासून वाटे. लग्न न करता राहिलेल्या पुरुषाकडून दंड घेतल्याच्या कथा त्यांचे लेखक सांगतात, इसवी सनापूर्वी 403 सालापर्यंत मागे नेतात, आणि त्या पैशाला नाव होते पत्नीवरूनच, 'उक्सोरियम'. म्हणजे बायको नसली तर दंड, आणि असलेल्या बायकोवर जीव जडला तर टोमणा!

तो टोमणा किती महाग पडू शकतो हे व्हर्जिल या रोमन महाकवीच्या 'इनीड'मध्ये दिसते. हे काव्य इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकातले. ट्रॉय शहर पडल्यावर त्यातून निसटलेला राजपुत्र एनिअस भटकत भटकत उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, कार्थेजला पोहोचतो. आजच्या ट्युनिस शहराजवळची ही जागा. तिथली विधवा राणी डायडो त्याला आसरा देते, दोघांचे मन जुळते. तिच्या बाजूने ते लग्नच असते. एनिअस तिच्या शहराच्या बांधकामावर देखरेख करू लागतो, तिने दिलेला जांभळा झगा घालून. तेवढ्यात देवांचा निरोप्या येतो आणि त्याला झापतो. तुला इटलीत जाऊन राज्य उभारायचे आहे, आणि तू इथे बाईसाठी सुंदर शहर बांधत बसला आहेस! त्या खरडपट्टीत व्हर्जिलने हाच शब्द घातला आहे, 'उक्सोरिउस'.

एनिअसला तो लागतो. तो लगेच गलबते तयार करायचा हुकूम सोडतो, तोही गुपचूप. डायडोला आधी काही सांगत नाही, तिला ते स्वतःहून कळते. ती विनवते, संतापते, आणि गलबते निघून गेल्यावर जीव देते. रोमन वाचकाला यात एनिअसचे कर्तव्य दिसे, कारण पुढे त्याच्याच वंशातून रोम उभे राहायचे होते. पण आपण एखाद्या बाईच्या बाजूने ही कथा वाचली तर काय दिसते? नवरा मन लावून घरच्या कामात गुंतला होता. बाहेरून कोणी तरी येऊन 'बाईलवेडा' म्हणाले. आणि घर मोडले.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस आला, लॅटिन शिकलेल्या लोकांबरोबर. त्याला सर्वांत मोठे व्यासपीठ दिले जॉन मिल्टनने. 1667 साली छापलेल्या 'पॅराडाइज लॉस्ट'च्या पहिल्याच सर्गात तो हे विशेषण राजा सॉलोमनला लावतो. सॉलोमन म्हणजे आपले हजरत सुलैमान (अ.). बायबलच्या जुन्या करारात त्यांना सातशे राण्या आणि तीनशे उपपत्नी होत्या आणि म्हातारपणी त्या परदेशी स्त्रियांच्या नादाने ते मूर्तिपूजेकडे वळले, अशी कथा आहे. मिल्टनने ती तशीच उचलली. आपल्या वाचकांना हे सांगायला नको की कुरआनची साक्ष वेगळी आहे. सूरह बकराच्या 102 व्या आयतीत हजरत सुलैमान (अ.) यांनी कुफ्र केला नाही, असे स्पष्ट आले आहे. त्यामुळे इंग्रजी साहित्यात या शब्दाचे जे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण दाखवले जाते, ते आपल्याला उदाहरण म्हणूनही मान्य होणारे नाही. इंग्रजी शिकवणाऱ्या आमच्या मुस्लिम सहकाऱ्यांनी वर्गात ते देताना दोन वाक्ये जास्त बोलावीत, असे आम्हांला वाटते.

याच उदाहरणातून आणखी एक गैरसमज निघालेला दिसतो. सॉलोमनच्या हजार स्त्रियांमुळे म्हणा किंवा आणखी कशाने म्हणा, काही लोक 'अक्सोरिअस' म्हणजे पुष्कळ बायका असलेला किंवा बायकांच्या मागे लागणारा असे समजतात. तसे नाही. हा शब्द संख्येचा नाही. परस्त्रीशी तर त्याचा काडीचा संबंध नाही. तो आपल्या स्वतःच्या, निकाहाच्या बायकोवर लुब्ध असलेल्या माणसाचा आहे.

मिल्टनच्या मनात हा शब्द इतका का भिनला होता, त्याला इतिहास आहे. त्याच्या काळात इंग्लंडचा राजा होता पहिला चार्ल्स. राणी हेन्रिएटा मारिया फ्रान्सची, कॅथलिक. राजाचा तिच्यावर फार जीव. राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटले. 1645 च्या जूनमध्ये नेझबीच्या लढाईत राजाचा खासगी पत्रव्यवहार पार्लमेंटच्या हाती पडला. त्यांनी काय करावे? राजा-राणीची पत्रे सरळ छापून टाकली! देशाचा कारभार हा माणूस नाही, याची बायको चालवते, हे लोकांना दाखवायचे होते. 1649 साली राजाचा शिरच्छेद झाला. त्याच वर्षी मिल्टनने पार्लमेंटच्या बाजूने जे पुस्तक लिहिले त्यात बायकोच्या कह्यात गेलेल्या राज्यकर्त्यांमुळे राष्ट्रांचे कसे वाटोळे होते हे सांगताना पुन्हा हाच शब्द आला. राजाचे दोष पुष्कळ होते. पार्लमेंटला विचारल्यावाचून पैसा उभा करणे हा त्यातला केवढा मोठा. पण लोकांच्या मनात राजाला लहान करायला बायकोवरचे प्रेम अधिक उपयोगी पडले.

खुद्द मिल्टनचा संसार? 1642 साली त्याने मेरी पॉवेलशी लग्न केले. सुमारे महिनाभरातच ती माहेरी निघून गेली आणि जवळजवळ तीन वर्षे परत आली नाही. तेवढ्या काळात पतिराजांनी घटस्फोटाचा हक्क मागणाऱ्या पुस्तिका लिहून काढल्या. त्याला कोणी बाईलवेडा म्हणण्याची भीती नव्हती, एवढे खरे.

या शब्दाच्या चरित्रात आम्हांला सर्वांत जवळचा वाटतो तो मात्र डॉ. सॅम्युअल जॉन्सन. त्याच्यावर जरा रेंगाळू या. इंग्रजीचा पहिला थोर शब्दकोश त्याचा, 1755 सालचा, दोन जाडजूड खंडांत. 'अक्सोरिअस' शब्दाखाली त्याने जो अर्थ दिला आहे त्याचा भाव असा की, बायकोपुढे लीन होऊन तिच्यावर प्रेम करणारा, संसारातल्या खुळ्या मायेची लागण झालेला. लागण! पटकी-देवीची होते तशी. कोशकाराने बायकोवरच्या प्रेमाला रोगाच्या रांगेत नेऊन बसवले.

आता हा कोशकार घरी कसा होता ते पाहा. 1735 साली, पंचविशीत असताना, त्याने एलिझाबेथ पोर्टर या विधवेशी लग्न केले. ती त्याच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठी, तीन मुलांची आई. तो तिला लाडाने 'टेट्टी' म्हणे. लग्नाला दोघे घोड्यांवरून निघाले. वाटेत ती कधी म्हणे, फार जोरात चालवता, कधी म्हणे, मागे का राहता. जॉन्सनला वाटले, आज ऐकले तर जन्मभर हिच्या तालावर नाचावे लागेल. त्याने घोडा भरधाव सोडला आणि दिसेनासा झाला. ती मागून पोहोचली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होते. ही हकीकत त्याने स्वतः सांगितली आणि त्याच्या चरित्रकाराने, जेम्स बॉसवेलने, लिहून ठेवली. लग्नाच्या दिवशीच या माणसाच्या मनात कसली भीती बसली होती, हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडेही नवरदेवाच्या कानात दोस्तमंडळी पहिल्या दिवशी हेच ओततात.

पण स्वभाव लपत नाही. टेट्टीच्या पैशावर त्याने एक छोटी शाळा काढली. विद्यार्थी मोजकेच. त्यांत एक होता डेव्हिड गॅरिक, पुढे इंग्लंडचा सर्वांत गाजलेला नट झालेला. ही पोरे मास्तरांच्या खोलीच्या कुलपाच्या भोकातून आत डोकावत आणि मास्तरांचे बायकोवरचे वेडेवाकडे प्रेम पाहून हसत. मोठेपणी गॅरिक बैठकांतून त्याची नक्कल करून लोकांना हसवी. शिक्षकाच्या पेशात इतकी वर्षे घालवल्यावर हे वाचताना आमच्या अंगावर काटा आला, हेही सांगून टाकतो. पोरे काय काय पाहतात आणि किती वर्षे लक्षात ठेवतात!

शाळा बुडाली. दोघे लंडनला आले, गरिबीत राहिले. संसार काही गुलाबाचा नव्हता. टेट्टीची तब्येत ढासळत गेली, ती बराच काळ वेगळीही राहिली. जॉन्सन कोशाच्या कामात बुडालेला. 1752 च्या मार्चमध्ये ती वारली. कोश बाहेर यायला अजून तीन वर्षे होती. कोशाच्या प्रस्तावनेत तो लिहितो त्याचा आशय असा की, ज्यांना हे काम दाखवून खूश करायचे होते त्यांतले बहुतेक आता मातीत गेले, यश काय आणि अपयश काय, मला दोन्ही पोकळ. त्यानंतर तो बत्तीस वर्षे जगला. दुसरे लग्न केले नाही. तिच्या मृत्यूचा दिवस तो दरवर्षी प्रार्थनेत घालवी. तिची लग्नातली अंगठी त्याने एका लहानशा गोल लाकडी डबीत जपून ठेवली होती आणि डबीच्या आत तिच्या नावाची, लग्नाच्या आणि मृत्यूच्या तारखेची चिठ्ठी चिकटवली होती.

ज्याला लागण म्हणून कोशात नोंदवले, ती त्याला स्वतःलाच झालेली होती. यात ढोंग होते असे आम्ही म्हणणार नाही. लोक या प्रेमाला काय म्हणतात ते कोशात लिहायचे आणि आपल्याला काय वाटते ते डबीत ठेवायचे, अशी त्या काळच्या पुरुषांची वाटणी होती. आजही पुष्कळ घरांत आहे.

वर्गात एकदा हा शब्द फळ्यावर असताना बारावीतल्या एका मुलीने विचारले, "सर, मग नवऱ्यावर अति प्रेम करणाऱ्या बाईला काय म्हणतात?" प्रश्न साधा, पण नेमका होता. उत्तर शोधले तर सापडले. इंग्रजीत एकेकाळी तसा शब्द होता, 'मॅरिटोरिअस'. लॅटिनमध्ये 'मारितुस' म्हणजे नवरा, त्यावरून. जॉर्ज चॅपमन या नाटककाराने 1607 साली छापलेल्या 'बुसी द'आंब्वा' या नाटकात तो 'मेरिटोरिअस', म्हणजे गुणवान, या शब्दाशी यमक जुळवून वापरला. पण तो शब्द रुजला नाही. आज मोठ्या कोशांच्या एखाद्या कोपऱ्यात तो मरून पडलेला दिसतो, कोणी वापरत नाही.

का रुजला नाही, याचे कारण उघड आहे. बायकोचे नवऱ्यावरचे प्रेम कितीही असले तरी ते 'अति' झाले असे कुणाला वाटतच नाही. आपल्याकडे पाहा. तिच्यासाठी मराठीत 'पतिव्रता' आहे, उर्दूत 'शौहर-परस्त' आहे, दोन्ही स्तुतीचे. नवऱ्याचा शब्द खाली न पडू देणाऱ्या बाईला 'नवऱ्याच्या ताटाखालचं मांजर' म्हटलेले आम्ही ऐकलेले नाही. 'शौहर की गुलाम' अशी शिवी नाही. शब्दांच्या बाजारात तोटा एकाच बाजूचा आहे.

आता वापराविषयी थोडे, कारण मुलांना तेही हवे असते. इंग्रजीत 'हेनपेक्ड' असा दुसरा एक शब्द आहे आणि पुष्कळ जण हे दोन्ही एकच समजतात. कोंबडी जशी चोच मारते तशी बायको टोचत राहते, तो नवरा 'हेनपेक्ड'. तिथे नवरा दुःखी असतो. 'अक्सोरिअस' नवरा खुशीत असतो. त्याला कोणी टोचत नाही, तो आपण होऊन बायकोकडे ओढलेला असतो. आपल्या शब्दांत सांगायचे तर 'ताटाखालचं मांजर' पहिल्याच्या जवळ आणि 'बाईलवेडा' दुसऱ्याच्या जवळ. 'जोरू का गुलाम' मात्र दोघांनाही सरसकट हाणतो. आणखी एक. हे विशेषण पुरुषालाच लागते असे नाही, त्याच्या वागण्यालाही लागते, पत्राला, स्वरालाही लागते. 'अक्सोरिअल' हा मात्र निराळा शब्द. त्यात टोमणा नाही, त्याचा अर्थ नुसता 'पत्नीसंबंधीचा'. मानववंशशास्त्राच्या पुस्तकांत 'अक्सोरिलोकल' भेटतो. लग्नानंतर नवऱ्याने बायकोच्या माणसांकडे जाऊन राहण्याची रीत, आपला घरजावई जिथे रीतसर असतो ती. आणि परीक्षेत पर्याय आले तर मुलांनी निमूटपणे 'अति' हा शब्द असलेला पर्याय निवडावा. गुण तिथेच आहेत.

शब्दाचा अर्थ कोशात असतो, पण त्याचा मार घरात बसतो. आमच्या ओळखीच्या एका घरात काही वर्षांपूर्वी रमजानमधली गोष्ट. मोठे एकत्र कुटुंब, नवी सून, सहावा महिना लागलेला. सहरीसाठी तीही पहाटे तीनला उठे. नवरा तिच्याबरोबर उठून पोळ्या भाजू लागे, चहा गाळी, दस्तरखान घाली. चार-पाच दिवस असे चालले. मग गावाहून खालाजान राहायला आल्या. त्यांनी पहिल्याच पहाटे सगळ्यांदेखत हसत हसत म्हटले, "माशाअल्लाह, हमारा बच्चा तो जन-मुरीद निकला!" सगळे हसले, आईही हसली, धाकटे भाऊही. त्यात वाईट हेतू नव्हता. खालाजान पाच वक्त नमाजी, जिवाला जीव देणाऱ्या बाई. पण दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा अजानच्या दहा मिनिटे आधी, ताट वाढल्यावरच उठू लागला. उरलेला रमजान पोळ्या त्या मुलीने एकटीने केल्या. सासूबाईंनी दोन-तीनदा मदत केली. नवऱ्याने कधी विषय काढला नाही, तिनेही नाही. देवांच्या निरोप्याने एनिअसला जे केले तेच खालाजानच्या विनोदाने केले, फक्त समुद्र आणि गलबते नव्हती.

हे आपल्या घरांत व्हावे याचे आम्हांला अधिक वाईट वाटते, कारण आपल्याकडे याचे उत्तर फार जुने आहे. हजरत अम्र बिन आस (रजि.) यांनी पैगंबर मुहम्मद (स.) यांना विचारले होते की, आपल्याला लोकांत सर्वांत प्रिय कोण? उत्तर सरळ नाव घेऊन आले, आयेशा. पुरुषांपैकी कोण, असे पुढे विचारल्यावर त्यांच्या वडिलांचा उल्लेख झाला. घरात पैगंबर (स.) काय करत, या प्रश्नाला हजरत आयेशा (रजि.) यांचे उत्तर होते की घरच्यांच्या कामात लागलेले असत, आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. दोन्ही हदीस बुखारीत आहेत, आपल्या मशिदींतून सांगितल्याही जातात. हजरत खदीजा (रजि.) यांच्या निधनानंतर बकरी जिबह झाली की त्यांच्या मैत्रिणींकडे आवर्जून वाटा जाई, हेही आपण ऐकतो. ऐकतो आणि सहरीला उठणाऱ्याला जन-मुरीद म्हणतो.

मेलेल्या बायकोवरचे प्रेम मात्र कुणालाच खुपत नाही. मुमताज महल 1631 साली बुऱ्हाणपुरात, आपल्या जळगाव जिल्ह्याच्या सरहद्दीपलीकडे, चौदाव्या बाळंतपणात वारली. शाहजहानने तिच्यासाठी जे बांधले ते बघायला सारे जग येते. त्याला कोणी जन-मुरीद म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही. त्याच्या बापाने, जहांगीरने, हयात असलेल्या नूरजहानचे नाव नाण्यांवर घातले, तिच्या सल्ल्याने कारभार केला, तर तो दुबळा, बायकोच्या हातातले बाहुले, असे त्याच्या दरबारातला इंग्रज वकील टॉमस रो यानेही लिहून ठेवले आणि त्यानंतरच्या कित्येक इतिहासकारांनीही. संगमरवर चालतो, नाणे चालत नाही.

अलीकडे इंग्रजीत मात्र या शब्दाचे दिवस थोडे पालटू लागले आहेत. ज्युलियन बार्न्स हा आजचा नावाजलेला इंग्रज कादंबरीकार. त्याची पत्नी पॅट कॅव्हनॉ 2008 साली वारली. रोगाचे निदान झाल्यापासून अवघ्या सदतीस दिवसांत. 2013 साली 'लेव्हल्स ऑफ लाइफ' या छोट्या पुस्तकात त्याने त्या दुःखाविषयी लिहिले, आणि तिथे तो वाटेत थांबून या एका विशेषणाची बाजू घेतो. कोश पुढे काहीही म्हणोत, त्याचे म्हणणे एवढेच की या शब्दाचा अर्थ आपल्या पत्नीवर प्रेम असलेला माणूस. 'अति' त्याने काढून टाकला. इंग्रजी वृत्तपत्रांतल्या मृत्युलेखांतही हल्ली हा शब्द कौतुकाने आलेला दिसतो. ऑक्सफर्डच्या हल्लीच्या एका कोशात पत्नीविषयी 'फार किंवा अति' ओढ असलेला, असे दोन्ही शब्द घातले आहेत. त्यातला कुठला घ्यायचा ते वाचणाऱ्यावर सोडले आहे.

आमच्याकडे प्रतिशब्द विचारायला येणाऱ्या मुलांना आम्ही आता 'बायकोवर जीव असलेला' असे लिहून देतो. एका शब्दाऐवजी तीन होतात, मुलांची थोडी कुरकुर असते. उर्दूवाल्यांना 'बीवी से मुहब्बत करने वाला'. ते तर आणखी लांब.